बोटाने काढलेला रस्ता

दिनांक ०८/११/२०२५, सकाळी ११.२०

नाव : जितेंद्र वासुदेव मयेकर. वय : ६१ वर्षे. धंदा : आता काही नाही, पूर्वी वालीव येथील एका लहान कारखान्यात माल तपासनीस, एकतीस वर्षे. राहणार : गोखिवरे, वसई पूर्व, ता. वसई, जि. पालघर.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, कोणी शिकवल्याशिवाय सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी विनिता व मुलगा कौस्तुभ, वय ३२, यांच्यासह राहतो. कौस्तुभ दि. १२ ऑक्टोबर रोजी तानसा नदीच्या खोऱ्यात करंजपाडा येथे सायकलवरून पडला. त्याचा जबडा व खांद्याचे हाड मोडले. त्याने लेखी तक्रार दिली आहे की, तेथील शेतकरी शांताराम काशिनाथ भोईर यांनी सायकलच्या वहिवाटीच्या रस्त्यावर मुद्दाम दोरी बांधली. तो रस्ता मी शोधलेला असल्याने मला विचारपूस करण्यासाठी बोलावले आहे. कौस्तुभ रिक्षाने माझ्यासोबत आला आहे व बाहेर बाकावर बसला आहे. मी त्याच्या बाजूने सांगायला आलो आहे असे त्याला वाटते.

मी निवृत्त झाल्यावर रुंद टायरची, खडीवर चालणारी सायकल घेतली. आमचा बावीस जणांचा ग्रुप आहे, नाव 'खडीवाले'. दर रविवारी डांबरी रस्ता सोडून पारोळच्या पुढे टेकड्यांतून, नदीकाठाने, पाड्यापाड्यांतून जातो. मी त्यांच्यात सर्वांत मोठा. सगळे मला काका म्हणतात. ग्रुपचा एकच नियम आहे. ज्याने रस्ता स्वतः चालवला त्यानेच त्याची रेघ मोबाईलच्या नकाशावर नोंदवून ग्रुपवर टाकायची, आणि ज्याने टाकली त्याचेच नाव त्या रस्त्याला. बाकीचे डोळे झाकून त्या रेघेवरून जातात. हा नियम ग्रुपला मीच घालून दिला. कारखान्यात मोजल्याशिवाय मी कधी सही केली नाही, त्याची मला घमेंड होती.

दि. १२ जानेवारी रोजी, रविवारी, मी एकटाच नवीन रस्ता शोधायला गेलो. चौतीस किलोमीटर झाल्यावर टेकडीच्या चढावर गुडघा धरला. सकाळचे सव्वादहा वाजले होते. मागून गवताचा टेम्पो आला. ड्रायव्हर म्हणाला, "क्या अंकल, पंक्चर?" मी हो म्हणालो. पंक्चर नव्हते. सायकल गवतावर टाकली व मी पुढे बसलो. टेम्पोचा वेग नोंदीत आला असता तर काका चढावर ताशी चाळीसने गेले म्हणून ग्रुपवर माझे हसे झाले असते, म्हणून नोंद बंद केली. टेम्पोने मला डांबरी रस्त्याने टेकडीला वळसा घालून नदीजवळ सोडले. तेथून नोंद पुन्हा सुरू केली व घरी आलो.

घरी पाहिले तर मधले साडेसहा किलोमीटर नव्हते. मोबाईलने दोन टोके सरळ रेघेने जोडली होती. रेघ टेकडीच्या पोटातून जात होती. तेव्हा तेवढा भाग काढून टाकता आला असता. कौस्तुभ शेजारी येऊन म्हणाला, "पप्पा, टोटल किती?" मी साठ म्हणालो. म्हटल्यावर साठ करणे भाग होते. उपग्रहावरून घेतलेल्या चित्रात टेकडीवरून खाली नदीकडे जाणारी एक फिकट वाट दिसत होती. तिच्यावरून मी बोटाने रेघ ओढली. म्हणजे ते साडेसहा किलोमीटर मी पलंगावर बसून, बोटाने चालवले.

कोणाला संशय येऊ नये म्हणून मी खाली दोन ओळी लिहिल्या. त्या अशा : "शेवटचा उतार मोकळा आहे. ब्रेकला हात लावायची गरज नाही, सोडून द्या." सँड्रा मॅडम, ज्या हा जबाब टाईप करत आहेत, त्यांनी विचारले, "काका, हे लिहायलाच पाहिजे का?" मी म्हणालो, लिहायला पाहिजे. अख्ख्या प्रकरणात तेवढेच तर माझ्या हातचे आहे.

त्या रस्त्याला 'मयेकर लूप' नाव पडले. पुढे नऊ महिन्यांत ग्रुपमधले आणि ग्रुपबाहेरचेही बरेच जण तेथून गेले. प्रत्येक जण मला अंगठा पाठवायचा. "काका, उतार एक नंबर." एकानेही लिहिले नाही की हा रस्ता नसून भाताचा बांध आहे. मला वाटते त्यांना काकांना तसे म्हणायला लाज वाटली असेल. मी स्वतः तिकडे पुन्हा फिरकलो नाही. गुडघ्याचे कारण सांगत राहिलो.

दि. १२ ऑक्टोबर रोजी पहाटेच कौस्तुभ व त्याचा मित्र मर्विन तेथे जायला निघाले. मी घरी होतो. पावणेआठला मर्विनचा फोन आला. तो रडत होता. दोरी पाहिली का असे मी नंतर त्याला विचारले. तो म्हणाला, "अंकल, मी मागे होतो, मला दिसली. लाल चिंध्या होत्या तिच्यावर. मी ओरडलो पण. कौस्तुभने ब्रेकच मारला नाही. तुमचं वाक्य होतं ना, तेच तो बोलत बोलत उतरत होता."

रुग्णालयात तिसऱ्या दिवशी कौस्तुभला शुद्ध नीट आली. जबडा तारेने बांधलेला असल्याने तो मोबाईलवर लिहितो. त्याने लिहिले, "तुम्ही गेलात तेव्हा दोरी नव्हती ना?" मी म्हणालो, नव्हती. मी तेथे गेलोच नव्हतो, त्यामुळे शब्दापुरते ते खरे होते. त्या शब्दावर त्याने तक्रार लिहिली. विनिता पेन धरून बसली होती, कौस्तुभ मोबाईलवर लिहीत होता आणि मी तारखा सांगत होतो.

दि. २५ ऑक्टोबर रोजी मी एसटीने व पुढे पायी करंजपाडा येथे गेलो. ती जागा मी पहिल्यांदा पाहिली. बांध जेमतेम दोन विती रुंद आहे. दोन्ही अंगांना कापायला आलेले भात होते. एका बाजूचे निम्मे आडवे झाले होते. शांताराम भोईर घरी नव्हते, त्यांना त्या दिवशीही ठाण्यात बोलावले होते. त्यांच्या पत्नी यमुना यांनी मला न विचारता पाण्याचा तांब्या दिला. मी पेपरवाला आहे असे त्यांना वाटले.

त्या म्हणाल्या, "पोरं सायकली घेऊन यायची न् बांध फोडून जायची. बांध फुटला का पानी निघून जाते, मग भात काय करील? बोललं तर मोबाईल दाखवायची, म्हनायची, बाई, रस्ता आहे यात. आमच्या सासऱ्यानं घातलेला बांध, न् ही मला सांगतात रस्ता आहे! दोरी बांधली ती कोनाला लागू नये म्हनून माझं लाल लुगडं फाडून चिंध्या लावल्या. अजून काय करायचं होतं आमी?" नंतर म्हणाल्या, "ज्यानं हा रस्ता काढला ना, त्याला एकदा बघायचाय मला."

मी पाणी प्यायलो, तांब्या परत दिला व निघालो. मी कोण हे सांगितले नाही. त्यानंतर चौदा दिवस मी घरीही सांगितले नाही. रोज सकाळी सांगायचे ठरवायचो आणि कौस्तुभला मिक्सरमधली पेज नळीने देता देता दुपार व्हायची. तो माझा हात दाबायचा. फार थकून गेलो आहे मी. शांताराम भोईर यांना सोमवारी अटक होईल असे काल कळले, म्हणून आज बोललो. नाहीतर आजही बोललो असतो की नाही, देव जाणे.

तरी माझे म्हणणे असे की, तेथे सायकलची वहिवाट कधीच नव्हती. ती जागा भोईर यांचा बांध आहे. त्यांनी दोरी आपल्या शेतात, दिसेल अशी बांधली. तेथे रस्ता आहे हे खोटे मी पसरवले. तेथून मी कधी सायकल चालवली नाही. त्यांच्यावर झालेला आरोप चुकीचा आहे व जी काही चूक आहे ती माझी आहे. काल रात्री ती रेघ मी ग्रुपवरून काढली, पण लोकांच्या मोबाईलमध्ये ती उतरलेली आहे. ती परत कशी घ्यायची ते मला माहीत नाही.

हा जबाब मी सांगितला तसा मराठीत टाईप झाला आहे. माझे डोळे आज चालत नाहीत, म्हणून मॅडमनी तो वाचून दाखवावा. आवाज मोठा ठेवावा व दार उघडे राहू द्यावे, अशी माझी विनंती आहे. मला हे दुसऱ्या कोणत्याही प्रकारे सांगता येणार नाही.

टाईप करणाराची नोंद : जबाब दार उघडे ठेवून मोठ्याने वाचला. वाचन चालू असताना बाहेर बाकावर बसलेला इसम नामे कौस्तुभ जितेंद्र मयेकर उठून आत आला. त्यास बसण्यास सांगितले, तो बसला नाही. वाचन संपल्यावर त्याने मोबाईलवर लिहून दाखवले की, ब्रेकचे वाक्य पुन्हा वाचा. ते पुन्हा वाचले. जबाब देणाराने ते आपलेच आहे व बरोबर आहे असे सांगून सही केली.