मान घरी ठेवून

लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. कोळशावर चालणारी भडगावची मोटार जळगावच्या स्टँडवर तापत उभी होती. आत बसलेल्या प्रमिलाबाईंच्या मागच्या बाकावर तानुबाई नावाची एक तरुण सासुरवाशीण आणि तिच्याशी नुकतीच ओळख झालेली एक म्हातारी बोलत बसल्या होत्या. प्रमिलाबाईंचा कान तिकडेच होता.

“भाऊनी लगीनले बलावं नही, तरी जास तू?”

“भाचीनं लगीन शे, अक्का.”

“पन अबोला शे ना तुमना? मंग तुना मान काय ऱ्हायना?”

“मनी आजी, धनीबाई, अशीच तिनी जाऊना घर गई व्हती. त्यास्नाबी अबोलाच व्हता. पन जाऊना सूननं बाळतपन अडेल शे, हाई समजताच आजी पयतच गई. जाऊनी आतून दार लाई लिधं.”

“मंग उनी व्हई परत!”

“नही ना! ओटावर बठी ऱ्हायनी. आतून जाऊ शिव्या दे, आनि बाहेरून आजी सांगे, पानी तपाड, पोरीले कुशीवर निजाड.”

“माय वं! मंग?”

“मंग जाऊनीच दार उघाडं. पोरगा व्हयना, तो आजीनाच हातवर. आजी आमले सांगे, मान घर ठी जावा. परत उनं का तठेच सापडस.”



“आनि तुना भाऊनी दार लायं तं?”

“लगीनघरनं दार, अक्का. ते कोन लावस?”

मोटार हलली. म्हातारीनं तानुबाईच्या गाठोड्यातून डोकावणाऱ्या कोऱ्या लुगड्याकडे हात पुढे केला.

“हाऊ भाचीना साडा शे ना? आन मनाकडे, मांडीवर धरस. गाठोडामा चुराई जाई.”