रशीदचाचांचा आवाज

आपल्या नगरवर मराठी पिक्चर काढला होता ना, त्यात आमच्या शेजारच्या रशीदचाचांना चहावाल्याचं काम मिळालं. कॅमेऱ्यासमोर चाचा नेहमीसारखंच बोलले, "या की राव, च्या घ्या, लई दिसांनी आलात!"

आख्खी गल्ली पिक्चरला गेली. पडद्यावर चाचांनी तोंड उघडलं आणि भलत्याच माणसाचा आवाज आला, "आइए जनाब, तशरीफ रखिए!"

अरे, नगरात कोण बोलतं असं? चाचा एवढंच म्हणाले, "मुसलमान असाच बोलतो, असं वाटत आसंल त्यान्ला."

यंदा चाचा गेले. मोबाईलमध्ये त्यांचे फोटो ढीगभर, आवाज कुणाकडंच नाही. परवा चाची तोच सीन बघत बसल्या होत्या. मी जवळ गेलो, तर म्हणाल्या, "आवाज बंद करून दे रे. मंग त्यांचा ऐकू येतो."