साबणाचा बर्फ

मिनेसोटातल्या त्या गावात दर डिसेंबरला नाताळचा एक जुना, गाण्यांनी भरलेला सिनेमा लागायचा. बायको वारल्यापासून ऑर्विल प्रथमच गर्दीत आला होता. तिकिटाची रांग सोडून घरी जावं, असं त्याला सारखं वाटत होतं. पुढे एक म्हातारं जोडपं भांडत होतं.

“सिनेमातला तो बर्फ खरा नाही, साबणाचा चुरा आहे, अर्डिस.”

“दरवर्षी तेच सांगतोस, क्लेट.”

“हॉटेल बुडतंय आणि हे नाचत सुटतात! आधी छप्पर शाकारा म्हणावं.”

“शेवटच्या गाण्याला मात्र तूच सगळ्यात मोठ्यानं गळा काढतोस.”

“सगळ्यांनी उभं राहून गायची रीत आहे, म्हणून. एरवी असल्या भिकार सिनेमाला कुत्रं फिरकणार नाही.”

“मग या वर्षी तोंड बंद ठेव.”

“ठेवतो.”

“ठेवून तर बघ! मग मी कशाला येऊ?”

“त्यांचा घोडापण बदलतो,” मागून ऑर्विल म्हणाला. “निघतो पांढरा, पोचतो ठिपक्यांचा.”

अर्डिस वळली. “अगं बाई, हा दुसरा! किती वर्षं बघताय?”

“आज पहिल्यांदाच. बायको एकटीच यायची. घरी येऊन सांगायची.”

क्लेटनं घसा खाकरला.

“आमच्याशेजारी बसा,” तो म्हणाला. “सिनेमा अगदी टाकाऊ आहे, आधीच सांगतो.”