साडेतीन फुटी दार

(वालचंदनगर. निवृत्त फिटर दस्तगीर यांच्या घरी जमिनीवर एका नव्या इमारतीचा नकाशा पसरलाय. त्यांची लेक शबीना बारामतीत आर्किटेक्ट आहे.)

दस्तगीर: चौकात बाग काढलीस ते झ्याक केलंस. पण पाणी कोण घालणार?

शबीना: सगळे मिळून, अब्बा. सगळ्यांची बाग आहे.

दस्तगीर: म्हंजी कुणीच न्हाय.

शबीना: पाळ्या लावू. कारखान्यात नव्हत्या का तुमच्या पाळ्या?

दस्तगीर: तितं न्हाय आलं की खाडा मांडायचे. हितं कोण मांडणार, जास्वंद?

शबीना: नकाशा बघायला बसलात की चुका काढायला?

दस्तगीर: छत्तीस वर्षं ड्रॉइंग वाचून मशिनी जोडल्या. चूक आपसूक दिसती. ही बघ. बाकी समद्यांची दारं तीन फुटी, आन् तळमजल्याच्या चार नंबरचं साडेतीन. पायरीबी न्हाय, उतार हाय.

शबीना: असू द्या.

दस्तगीर: समद्या सैपाकखोल्यांच्या खिडक्या त्याच दाराकडं. वरच्या गच्च्याबी तिकडंच. कोण ऱ्हाणार तितं, कलेक्टर?

शबीना: तुम्ही.

दस्तगीर: मला हितं काय कमी हाय?

शबीना: माणूस. रमजानच्या आधी पहाटे न्हाणीत पडलात, आणि दहा वाजता दूधवाल्यानं हाका मारल्या तेव्हा कळलं. मला भीती वाटते, अब्बा. सकाळी तुम्ही फोन उचलेपर्यंत मला काही सुचत नाही.

दस्तगीर: म्हणून एवढी बिल्डिंग माझ्या राखणीला बसवलीस व्हय?

शबीना: दार उघडलं नाही तर कुणीतरी विचारेल तरी.

दस्तगीर: बाया म्हाताऱ्याचं दार बघत बसतील, आन् तव्यावरच्या भाकरी करपतील.

शबीना: करपू द्या.

दस्तगीर: ...शेजारचं पाच नंबर कुणी घेतलं?

शबीना: वरकुट्याच्या भामाबाईंनी. अंगणवाडीतून रिटायर झाल्यात. एकट्याच असतात.

दस्तगीर: त्यांचं दार कुणाला दिसतं?

शबीना: त्यांचं... जिन्याच्या आड आलंय. कुणालाच नाही. लक्षातच नाही आलं माझ्या.

दस्तगीर: बापाच्या दाराला एवढ्या खिडक्या, आन् त्या बाईला एक न्हाय. पेन्सिल दे हिकडं.

शबीना: काय करताय?

दस्तगीर: माझ्या सैपाकखोलीची खिडकी जिन्याच्या अंगाला घेतो. मी पाचला उठतो. त्यांचं दार मी बघीन.