तीन पांघरुणांखालची गाडी

…नाही, पण मी म्हणते, एका गाडीला तीन-तीन पांघरुणं? तुम्हीच सांगा! आतून मऊ फलालैनीचं, त्यावर धुळीचं, त्यावर पावसाचं, आणि गाडी उभी कुठे, तर बेसमेंटमध्ये, जिथे पाऊस सोडाच, मोबाइलची रेंजसुद्धा शिरत नाही! मी लग्न होऊन आले तेव्हा जानेवारीची थंडी होती आणि आमच्या घरात पांघरूण होतं एक. एक! मी काही बोलले नाही. मी बोलत नाहीच फारशी. आज तुम्ही नुसतं ‘कशी आहेस गं’ विचारलंत आणि हे असं भसाभसा बाहेर आलं… आता आलंच आहे तर ऐकून घ्या.

तर आमचे हे, सुदर्शन. माणूस वाईट नाही हो. व्यसन नाही, आवाज चढत नाही, भाजीत मीठ जास्त झालं तरी खाली मान घालून जेवतात. फक्त ही गाडी. दोन दारं, दोन सीटा, रंग पांढरा, तोही चकचकीत नाही, विरजलेल्या दह्यासारखा. कंपनीने म्हणे ती बनवायची बंद केली. “नम्रता, हाताने गिअर टाकायची, पेट्रोलवर डरकाळी फोडणारी ही शेवटची जात! यापुढे सगळ्या बॅटरीच्या, नुसत्या घूं करत जाणार. तेव्हा लोक हिच्यासाठी रांगा लावतील, रांगा! फक्त जपली पाहिजे. वीस वर्षांनी बघ!”

वीस वर्षांनी बघ. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय ना, की कुकरच्या शिट्टीतसुद्धा मला तेच ऐकू येतं.

माझी पाठवणी झाली कारंज्याहून, भाड्याच्या जीपमधून, अकरा तास, मांडीवर चिवड्याचा डबा आणि पायाखाली कुणाची तरी बॅग. आणि ही गाडी आधीच्या मालकाकडून आली ती ट्रकवर बसून, पट्ट्यांनी बांधून, पाहुण्यासारखी! का? तर किलोमीटर वाढायला नकोत! इथे कुणाचे किलोमीटर मोजले जातात हे मला तिथेच कळायला हवं होतं की नाही?

त्यांचा एक ग्रुप आहे, ‘उद्याच्या क्लासिक’ नावाचा. सगळी चाळिशीच्या आतली माणसं, सगळ्यांच्या गाड्या झाकलेल्या, आणि सकाळ-संध्याकाळ तिथे भांडणं. एक म्हणतो, ज्या गाडीत स्क्रीन आहे ती कधी क्लासिक होत नाही, वीस वर्षांनी तो स्क्रीन चालू कोण करणार? दुसरा म्हणतो, अरे, जुन्या गाड्यांनाही त्या काळी लोक हसलेच होते! तिसरा नुसता अंगठा पाठवतो. आणि हे जेवता जेवता मला वाचून दाखवतात, “बघ, यालाही पटलं!” मी म्हणते, हो. दुसरं काय म्हणणार? समोरच्याने मोबाइलमधून मान वर काढली तर काहीतरी म्हणता येतं.

एकदा आमच्या वॉचमनने, दत्तोबांनी, भाबडेपणाने विचारलं, “सायेब, ईस वर्सांनी पेट्रोलच न्हाय मिळालं तर ही चालवायची कशावर हाय?” दत्तोबा मूळचे इथलेच, पुण्याजवळच्या मांजरी गावचे, जिथे ही इमारत आहे तिथे त्यांच्या भावकीचा ऊस होता. यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, “दत्तोबा, ही चालवायची नाहीच आहे.” दत्तोबांनी माझ्याकडे बघितलं. मी लिफ्टच्या बटणाकडे बघितलं.

आमच्या लग्नाची नोंदणी राहिलीय अजून. दाखला काढायचाय. त्यासाठी यांना एक दिवस सुट्टी लागते. दोनदा मिळाली. एकदा गाडीच्या चाकांना पॉलिशवाला आला, एकदा पॉलिशवाला आला नाही म्हणून दिवसभर त्याची वाट बघितली.

सकाळी साडेआठला हे ऑफिसला गेले की मी आणि फ्रिज. तो तरी मधूनमधून बोलतो. शेजारच्या दाराला कायम कुलूप, पलीकडच्या बाई कानात वायर घालून कामाला बसलेल्या. बाल्कनीतून उरलेला ऊस दिसतो, तो हलतो, तेवढीच काय ती हालचाल. तुम्हाला सांगते, हसू नका हं, दुपारी मी लिफ्टने खाली बेसमेंटमध्ये जायची आणि गाडीशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून मटार सोलायची! सगळ्या इमारतीत कुठेही न जाता उभी असलेली अशी आम्ही दोघीच ना. तिला तीन पांघरुणं आणि मला गाऊनवर ओढणी.

तर श्रावणात मी पहिल्यांदा काहीतरी मागितलं. म्हटलं, अहो, पुण्यात माझं म्हणून एकच माणूस आहे, बिबवेवाडीची इंदूमावशी. लग्नानंतरचा पहिला दसरा आहे, सोनं द्यायला जायचंय… तर या गाडीतून नेता का? एकदाच. साडी नेसून, तुमच्या शेजारी बसून, मावशीच्या दारात उतरायचंय. माझ्या तोंडून एवढी वाक्यं एकदम आलेली त्यांनी कधी ऐकली नव्हती. घाबरूनच असेल, हो म्हणाले. हो! मी कॅलेंडरवर गोल केला. मावशीला फोन केला. मावशीने अख्ख्या सोसायटीला सांगितलं, आमची नमू येतेय, रेसच्या गाडीतून!

दसऱ्याला सकाळी तिन्ही पांघरुणं निघाली. मी पूजेचं ताट घेऊन खाली. हार घालू दिला नाही, हाराची तार लागते. नारळ फोडू दिला नाही, शिंतोडे उडतात. मी म्हटलं, बरं. चाकाखाली लिंबं ठेवली, त्यावर “लिंबाचा रस रबराला…” इतकं म्हणून माझ्याकडे बघितलं. मग किल्ली वर राहिली म्हणून आणायला गेले. आणि मी एकटी गाडीपुढे. तुम्हाला माहितीये का, आमच्याकडे नव्या वाहनाला घरच्या लक्ष्मीच्या हाताचा थापा देतात. ओल्या हळदीचा. बाबांच्या ट्रॅक्टरवर आईचा होता, चांगला दोन पावसाळे टिकला होता! मी विचारच केला नाही हो. हात वाटीत बुडवला आणि बॉनेटवर, बरोबर मधोमध… थाप!

हे आले. बेसमेंटमधला दिवा कसला, अर्धा मेलेला, त्यांना काही दिसलं नाही. मी आत बसले. सीटवर प्लॅस्टिक होतं, दर श्वासाला चुर्र चुर्र वाजायचं. चारी लिंबं फुटली. आणि ती डरकाळी! पोटात, दातांत, बांगड्यांत! हे माझ्याकडे बघून हसले, तुम्हाला सांगते, लग्नात फोटोवाल्याने सांगितलं तेव्हासुद्धा असे हसले नव्हते. गिअर टाकायला यांचा हात माझ्या हाताशेजारी. खांब गेला, दुसरा खांब गेला, दत्तोबांनी चक्क सलाम ठोकला, गाडी रॅम्प चढून उन्हात आली…

आणि बॉनेटवर माझा हात उजळला. पाचही बोटं. पिवळीधम्मक!

करकचून ब्रेक. “हे काय आहे?” मी म्हटलं, माझा हात. “ओरिजिनल पेंट आहे, नम्रता! मॅट आहे! मॅट शोषून घेतो!” आणि मग धावाधाव, कापूस, पाणी, कसलं तरी फेस येणारं औषध, ग्रुपवर फोटो, ग्रुपवर रडणारे चेहरे, एकाने तर ‘श्रद्धांजली’ लिहिलं! हळद फिकी झाली, पण गेली नाही. हळद कुठे जाते हो? माझ्या माहेरच्या नॅपकिनांची गेली नाही अजून. मी अर्धा तास आपट्याची पानं घेऊन रॅम्पच्या कठड्यावर बसले. मग दत्तोबांनीच रिक्षा थांबवली.

बिबवेवाडीत मावशी गॅलरीत उभी, शेजारपाजारच्या चार बायका घेऊन. रिक्षातून मी एकटी उतरले. “अगं, गाडी?” मी म्हटलं, गाडीला बरं नाहीये. मावशीने पानं घेतली, माझ्या हळदीच्या हाताकडे बघितलं आणि गरम पुरणपोळीवर तूप जरा जास्तच ओतलं.

रविवारी यांनी जावेदभाईंना बोलावलं. जुन्या गाड्यांतला जाणता माणूस, यांच्या ग्रुपचं हायकोर्ट. त्यांनी चष्मा लावला, वाकले, थाप्यावरून बोट फिरवलं. “कोणाचा हात?” मी म्हटलं, माझा. मग यांच्याकडे वळून म्हणाले, “सुदर्शनभाई, हे पुसू नका. आमच्याकडे लोक जुनी गाडी बघायला येतात ना, ते आधी विचारतात, कोणाची होती, कुठे कुठे गेली, कोण बसायचं हिच्यात. ज्या गाडीला सांगायला काहीच नाही, ती जुनी होते, क्लासिक नाही होत. भाभींना फिरवा जरा!”

काय सांगू तुम्हाला!  चहा गार होईपर्यंत हे थाप्याभोवती घिरट्या घालत होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सुट्टी घेतली! स्वतःहून! “नम्रता, साडी नेस, तीच दसऱ्याची. खाली ये.” मी म्हटलं, आता दाखला तरी, नाहीतर निदान बिबवेवाडी… केसांत गजरा माळला हो मी, खोटं कशाला सांगू!

खाली गेले. गाडी उघडी. हे कॅमेरा घेऊन. “हात ठेव. तसाच, ठशावर. थोडी डावीकडे. चेहरा नको, सावली पडते.” चार फोटो झाले. मग आतलं पांघरूण, मधलं पांघरूण, वरचं पांघरूण. “आता हिला गोष्ट आहे, नम्रता! वीस वर्षांनी बघ!” आणि उरलेली सुट्टी गाडीची फाइल लावण्यात गेली.

ती फाइल मी काल दुपारी उघडून बघितली. विम्याचा कागद आणि बॅटरीची वॉरंटी यांच्या मधोमध माझ्या हाताचा फोटो, रीतसर तारीख, खाली यांची सही आणि यांच्याच सुबक अक्षरात, ‘पत्नीचा हात. ओरिजिनल.’

म्हणजे लग्नाची नोंदणी झाली म्हणायची… गाडीच्या फाइलीत का होईना.