आमच्या हरेशला काय झालं होतं

व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या सोसायटीचे अध्यक्ष, म्हणजे आमचे हे. आजच्या सत्कारमूर्ती डॉक्टर ताहिराबाई. त्यांचे यजमान जिब्रानभाई. आणि वडे गरम असेपर्यंत भाषणं आटपावीत अशी रास्त इच्छा बाळगून समोर बसलेल्या सर्व बंधुभगिनींना चंद्रावतीचा नमस्कार.

माझ्याकडे आभारप्रदर्शन दिलेलं आहे. माझ्याआधीच्या सर्व वक्त्यांनी सांगितलं की डॉक्टरबाई कौटुंबिक कारणास्तव सुकापूरचा दवाखाना बंद करून उरणला निघाल्या आहेत. ते ऐकताना जिब्रानभाई प्रत्येक वेळी पंख्याकडे बघत होते. कारण कौटुंबिक आहे खरं. फक्त कुटुंब त्यांचं नाही, आमचं आहे.

आमच्या हरेशला उलट्या सुरू झाल्या ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. दोन वर्षं सोसायटीत दुसरा विषयच कुठे होता? पहाटे सुरू झालं की पोटात पाण्याचा थेंब ठरायचा नाही. आठवडाभर अंथरुणाला खिळायचा आणि मग एक दिवस उठून मिसळ मागायचा. थोडे दिवस बरे गेले की पुन्हा तेच. पनवेलच्या डॉक्टरांनी पित्त म्हटलं, अल्सर म्हटलं, दुर्बीण घालून पाहिलं. आत काहीही नव्हतं. माझ्या सासूबाई, ठमाबाई, नेऱ्याहून आल्या. "पोराला नजर लागली हाय, बाकी काय नाय," म्हणाल्या आणि मीठमोहऱ्या ओवाळून गॅसवर टाकल्या. असा ठसका उठला की त्याला पुन्हा उलटी झाली.

मग अध्यक्षांनी निदान केलं. तळोज्याच्या केमिकल कंपन्यांकडून रात्री वास येतो, तो खोटा नाही. माझंही डोकं दुखतं. यांनी बचाव समिती काढली, मोर्चा काढला, फलकावर हरेशचा फोटो टाकला आणि हरेशला टेम्पोत खुर्चीवर बसवून सगळ्यांच्या पुढे ठेवलं. पोरगा मोबाईलचं दुकान चालवतो, दिसायला बरा आहे. पेपरात फोटो चांगला आला होता.

आता गच्चीवरच्या सोलरकडे वळते. विषयांतर वाटेल, पण नाही. सकाळी लोक उठायच्या आत गरम पाणी संपायचं. त्यावरून दोन सभा झाल्या, एका सभेत चप्पल निघाली. शेवटी पाणीचोर पकडायचाच म्हणून हे प्लंबरला घेऊन गच्चीवर गेले आणि एकेक लाइन तपासू लागले. एका लाइनीत पाणी सुसाट चाललं होतं. यांनी स्वतःच्या हातानं तिचा व्हॉल्व्ह बंद केला. खालून ओरडणं ऐकू आलं. "कोणाची लाइन?" यांनी विचारलं. प्लंबर म्हणाला, "साहेब, तुमचीच." काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय?

हरेश बाथरूमच्या फरशीवर मुटकुळं करून पडला होता. "आई, गरम पाणी दे," एवढंच म्हणत होता. तो दिवसातून चार-चार वेळा आंघोळ करतो हे मला माहीत होतं. मला वाटायचं, मुलगा स्वच्छतेचा भोक्ता आहे.

खालच्या दवाखान्यातून डॉक्टरबाई धावत आल्या. नाडी बघता बघता मला विचारलं, "गरम पाण्याखाली याला बरं वाटतं का?" मी म्हटलं, "तिथून उठतच नाही." त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अंगातलं पाणी गेलंय, किडनीवर आलंय. आत्ताच्या आत्ता ॲडमिट करा." मी विचारलं, "पण याला झालंय काय?" "ते त्यानं सांगायचं, मावशी. मी नाही."

उशीर झाला असता तर आज मी इथे उभी राहिले नसते. पोरगा हातचा गेला असता.

तो घरी आल्यावर समिती डॉक्टरबाईंकडे दाखला मागायला गेली. तळोज्याच्या वासानं उलट्या झाल्या असं लिहून द्या. बाई म्हणाल्या, "वासाची तक्रार करा, पहिली सही माझी. पण हरेशचं नाव त्यात नको." का नको? "ते मला सांगता येणार नाही."

मग आपण काय केलं? आपण म्हणालो, कंपनीनं बाईंना पाकीट पोचवलं असणार. कोण म्हणालं ते मी सांगत नाही, वडे सगळ्यांनाच खायचेत. पण सर्दी झाली तरी माणसं रिक्षा करून नवीन पनवेलला जाऊ लागली. बाईंनी ना खुलासा केला, ना त्या कोणाशी भांडल्या.

आता पुढचं हरेशला विचारूनच सांगतेय. गेल्या रविवारी तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आई, मी कॉलेजपासून गांजा ओढत होतो. रोज." वर्षानुवर्षं ओढणाऱ्या काही जणांना अशा उलट्या होतात, म्हणे. गरम पाण्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं. गांजानं मळमळ थांबेल म्हणून हा आणखी ओढायचा, म्हणजे आगीत तेल. सोडल्याशिवाय इलाज नाही, हे बाईंनी त्याला त्या दिवशी दाराआडच सांगितलं होतं. त्यानं सोडलाही. मग मित्राच्या हळदीला पुन्हा ओढला, पुन्हा उलट्या झाल्या, आणि आपल्या पायानं दवाखान्यात गेला. बाई दुपारभर त्याच्या सलाईनपाशी बसल्या. दुसरा पेशंटच नव्हता. हा म्हणाला, "बाई, खरं काय ते लोकांना सांगून टाका ना." त्या म्हणाल्या, "तुझं आहे ते. माझ्या तोंडून जायचं नाही."

हे मी यांना आज सकाळी सांगितलं. "कार्यक्रम झाल्यावर बघू," म्हणाले. कार्यक्रम झाल्यावर सामानाचा टेम्पो सुटणार आहे. अहो, पाणी प्या. माझं होतच आलंय.

मला लाज वाटते. मुलाच्या गांजाची वाटते, नाही असं नाही. पण या बाईंनी माझ्या मुलाची अब्रू राखली आणि त्यापायी स्वतःची जाऊ दिली, तेव्हा आम्ही त्यांच्या दारावरून मान वळवून जात होतो. त्याची जास्त वाटते. रात्री झोप लागत नाही.

तरी, हॉल दिल्याबद्दल मंडळाचे, वड्यांबद्दल महिला मंडळाचे, आणि एवढा वेळ कोणी उठून गेलं नाही त्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. शेवटी, काही चुकलं असल्यास क्षमा असावी असं म्हणायची पद्धत आहे. डॉक्टरबाई, 'असल्यास' मी म्हणणार नाही. आमचं चुकलं. क्षमा करायची की नाही ते तुम्ही ठरवा, आमचा आग्रह नाही.

शाल अध्यक्ष देतील. त्याआधी एकाला बोलायचंय. आईनं बोलून त्याचं भागत नाही.

हरेश, वर ये. माईक घे.