दारातले तेरा तडे

तहसील कचेरीच्या खिडकीशी माझ्यापुढं यादम्मा भरपाईचा अर्ज घेऊन उभी होती. आत कारकून.

"सुरुंगानं भिंत फुटली म्हणता, पण तडे जुनेच आहेत, अम्मा."

"कोण म्हणतं?"

"सुरुंग लावण्याआधी शेजारच्या घरांचे फोटो काढायचा नियम आहे. ठेकेदारानं काढलेत. हे बघा, तुमच्या दारातच तेरा तडे."

"सारू, तो माझा मुग्गू आहे. तांदळाच्या पिठाची रांगोळी."

"कागदावर तडे लिहिलंय."

"पांढरे? आणि मधोमध कमळ?"

"तज्ज्ञांची सही आहे, अम्मा."

"मग त्यांना म्हणावं, तुमचे तेरा तडे मी रोज सकाळी झाडून टाकते. तुम्ही येऊन माझ्या भिंतीतला एक झाडून दाखवा."